वणव्यापुढे उभे राहणारे शेजारी

श्रद्धा-अभ्यास
आधी वाचावे : योएल १:१५-२०, लूक १०:२५-३७, मत्तय २५:१-१३



४ मे रोजी ख्रिस्तसभेत संत फ्लोरियन यांचे स्मरण केले जाते. आपल्याकडे या संताचे नाव सहसा कानी पडत नाही. ऑस्ट्रिया, बव्हेरिया, पोलंड या भागांत मात्र अग्निशमन केंद्राच्या भिंतीवर त्यांचे चित्र हमखास दिसते. रोमन सैनिकाचा वेष, हातात पाण्याचे भांडे आणि पायाशी जळते घर. हे फ्लोरियन रोमन साम्राज्याच्या नोरिकम प्रांतात, म्हणजे आजच्या ऑस्ट्रियात, अधिकारपदावर होते. सम्राट डायोक्लेशन याच्या काळात ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू झाला तेव्हा त्यांनी आपली श्रद्धा लपवली नाही. इ.स. ३०४ मध्ये गळ्यात दगड बांधून त्यांना एन्स नदीत बुडवण्यात आले. त्यांनी एका बादलीभर पाण्याने पेटते गाव वाचवले अशी परंपरा सांगते, आणि म्हणून ते आग विझवणाऱ्यांचे आश्रयदाते संत झाले. आगीपासून रक्षण करणाऱ्या संताचा अंत पाण्यात व्हावा, हा एक विलक्षण योग आहे.

आज ४ मे हाच दिवस जगभर आंतरराष्ट्रीय अग्निशामक दिन म्हणून पाळला जातो. संत फ्लोरियन यांचा सण म्हणून ही तारीख निवडली गेली, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. हा दिवस सुरू होण्यास कारण झाला तो ऑस्ट्रेलियातील एक वणवा. या पाठात आपण त्या देशातील वणवा विझवणाऱ्या माणसांची ओळख करून घेऊ. मेलबर्न, सिडनी ही नावे आपल्या घरांना आता परकी राहिलेली नाहीत. पण तिथल्या रानात ही माणसे नेमके काय करतात, हे आपण क्वचितच विचारतो.

२ डिसेंबर १९९८. व्हिक्टोरिया राज्यात बॅलरॅट शहराच्या पुढे लिंटन नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या रानात वणवा पेटला होता. आसपासच्या गावांतून आणि शहरांतून बंब आले होते. जिलाँग या शहराकडून आलेले दोन टँकर संध्याकाळी पाणी भरून घेण्यासाठी रानवाटेने निघाले. एवढ्यात वारा फिरला. पाच जण असलेला एक टँकर ज्वाळांत सापडला आणि पाचही जण जागीच मरण पावले. ते पाचही स्वयंसेवक होते. पगारी नोकर त्यांत एकही नव्हता. पुढच्याच महिन्यात व्हिक्टोरियातील एका स्वयंसेवक अग्निशामकाने जगभरच्या दलांना ई-मेल पाठवून असा एक स्मरणदिन असावा असे सुचवले, आणि ४ मे ठरला. त्या दिवशी लाल व निळी फीत लावतात : लाल रंग आगीचा, निळा पाण्याचा.

वारा फिरला म्हणजे काय झाले, हे समजून घेतले तरच या कामाची खरी कल्पना येते. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण भागात उन्हाळ्यात देशाच्या मधल्या वाळवंटी प्रदेशाकडून कोरडा, तापलेला उत्तरेचा वारा सुटतो. वणवा त्या वाऱ्यापुढे दक्षिणेकडे धावतो. तो लांब आणि अरुंद असतो, बोटासारखा. बोटाच्या टोकाशी आग भयंकर असते, पण दोन्ही बाजूंना ती मंद असते, आणि माणसे बहुधा या बाजूंनीच काम करीत असतात. मग समुद्राकडून थंड हवेचा पट्टा येतो आणि काही मिनिटांत वारा नैर्ऋत्येचा होतो. त्या क्षणी बोटाची सबंध पूर्वेकडची बाजू पेट घेऊन पुढे धावू लागते. काही किलोमीटर लांबीची मंद कड एकदम आगीचे तोंड बनते. ज्या जागी माणूस निर्धास्त उभा होता तीच जागा सर्वांत धोक्याची होते. १६ फेब्रुवारी १९८३ च्या संध्याकाळीही असेच घडले. अप्पर बीकन्सफील्ड या गावाजवळ वारा फिरला आणि १२ स्वयंसेवक एकाच जागी आगीत सापडून दगावले. त्या दिवशी व्हिक्टोरिया व दक्षिण ऑस्ट्रेलिया मिळून एकंदर ७५ माणसे मेली. तो दिवस राखेचा बुधवार होता. सकाळी भाविकांच्या कपाळावर राख लागली होती, आणि रात्र पडेपर्यंत गावेच्या गावे राख झाली. ऑस्ट्रेलियात आजही त्या आगीला 'राखेच्या बुधवारची आग' याच नावाने ओळखतात.

आग विझवणारा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पाण्याचा फवारा येतो. मुंबईच्या गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी झालेल्या स्फोटात ६६ जवान गेले. तो दिवस आपल्या देशात अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात, आणि आपल्या मनातील अग्निशामकाचे चित्र शहराचेच आहे. रानात मात्र नळ नसतो. टँकरमधले पाणी काही मिनिटांत संपते. म्हणून वणव्याशी लढण्याचे मुख्य साधन पाणी नव्हे, माती आहे. आगीच्या वाटेत जे जळण आहे ते तिथून काढून घ्यायचे, पालापाचोळा, काटक्या, गवत खरवडून खालची उघडी माती दिसेपर्यंत पट्टा तयार करायचा, म्हणजे आगीला खायला काही उरत नाही. आपल्या वनखात्यात याला जाळरेषा म्हणतात. तिकडे त्यासाठी एक अवजार असते : लांब दांडा, एका बाजूला दाताळे आणि दुसऱ्या बाजूला कुदळीसारखे पाते. जिथे बुलडोझर चढत नाही तिथे माणसे एकामागे एक उभी राहून ही रेषा ओढतात. पहिला थोडे खरवडतो व पुढे सरकतो, दुसरा आणखी थोडे, शेवटचा माणूस येईपर्यंत स्वच्छ पट्टा तयार होतो. चाळीस अंशांच्या उन्हात, जाड कपडे व शिरस्त्राण घालून, धुरात, चढणीवर हे काम तासन्‌तास चालते. आणि चढण म्हणजे वणव्याचा मित्र. उतार दहा अंशांनी वाढला की वर चढणाऱ्या आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. कधी त्या रेषेपासून आगीच्या दिशेने आपणच मुद्दाम दुसरी आग लावावी लागते, म्हणजे दोन्ही आगी समोरासमोर येऊन मधले जळण संपते. हे करताना छातीत किती धडधड होत असेल! त्यातून निलगिरीच्या पानांत तेल असते आणि तिच्या सालीचे पेटते पट्टे वाऱ्यावर उडत जाऊन काही किलोमीटर पुढे नवी आग लावतात. घाम गाळून ओढलेली रेषा एका ठिणगीने फुकट जाते. मग मागे हटायचे आणि पुन्हा पहिल्यापासून.

यानंतर येते ते काम वर्तमानपत्रांत कधीच छापून येत नाही. ज्वाळा दिसेनाशा झाल्या की छायाचित्रकार निघून जातात, लोक घरी परततात. पण ओंडक्यांच्या पोटात, मुळांच्या जाळ्यात, जमिनीखाली निखारे धुमसत असतात. वारा आला की तीच आग दोन दिवसांनी, चार दिवसांनी पुन्हा उठते. म्हणून काळ्या झालेल्या रानातून पाऊलपाऊल चालत, एकेक खोड उलथून, हाताची पाठ जवळ नेऊन कुठे ऊब लागते का ते पाहत ही माणसे फिरतात. ऊब लागली की खणायचे, थोडे पाणी शिंपडायचे, ढवळायचे, पुन्हा हात लावून पाहायचे. अर्धवट जळलेली झाडे कोणत्याही क्षणी डोक्यावर पडू शकतात. धूर आणि राख फुप्फुसांत जाते. आठवडाभर हे चालते आणि शेवटी दाखवायला काहीच नसते. काही झाले नाही, हेच त्या कामाचे फळ. मला वाटते, कृतज्ञता व्यक्त करायला सर्वांत अवघड असे हेच काम आहे. वाचलेले घर डोळ्यांना दिसते. न लागलेली आग दिसत नाही. घरात आई पहाटे उठून काय काय करते हे ती आजारी पडेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही, तसेच हे.

आता मत्तयच्या शुभवर्तमानातील दहा कुमारींचा दाखला उघडा. शहाण्या कुमारींनी दिव्यांबरोबर भांड्यांत तेलही घेतले होते. या दाखल्यावर प्रवचन ऐकताना पुष्कळांच्या मनात एक शंका येते : त्यांनी थोडे तेल इतरांना दिले असते तर काय बिघडले असते? हा स्वार्थच नव्हे का? लिंटनच्या घटनेची पुढे दीर्घ चौकशी झाली आणि एक गोष्ट काटेकोरपणे शिकवली जाऊ लागली : टँकरमधले सगळे पाणी आगीवर ओतून रिकामे व्हायचे नाही. वारा फिरलाच तर स्वतःच्या माणसांवर फवारा धरता येईल इतके पाणी शेवटपर्यंत राखायचे. समोर कुणाचे घर पेटलेले असताना टाकीत पाणी शिल्लक ठेवून मागे फिरणे किती कठीण असेल! पण तसे केले नाही तर घरही जाते आणि पाच माणसेही जातात. काही गोष्टी उसन्या देता येत नाहीत, हे त्या दाखल्यातले म्हणणे इथे स्वच्छ कळते. मात्र म्हणून कोणी लिंटनच्या त्या पाच जणांना मूर्ख कुमारींच्या ओळीत बसवू नये. ते पाणी भरून घ्यायलाच निघाले होते, आणि त्यांच्या मरणातून जो नियम पक्का झाला त्याने नंतरच्यांचे संरक्षण केले.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मित्रांसाठी प्राण देणे यापेक्षा मोठी प्रीती नाही, ही प्रभू येशूची शिकवण आपण अग्निशामकांच्या संदर्भात नेहमी ऐकतो, आणि ते योग्यच आहे. पण प्राण देणे आणि प्राण उधळणे यांत फरक आहे. सैतानाने येशूला मंदिराच्या उंच टोकावरून उडी टाकायला सांगितले, देवदूत झेलतील असे वचनही पुढे केले. येशूने नकार दिला. देवाची परीक्षा पाहणे हा विश्वास नव्हे. चांगला अग्निशामक पळवाट कोणती ते आधी पाहून ठेवतो, एक माणूस केवळ वाऱ्यावर व आगीवर नजर ठेवायला उभा करतो आणि म्होरक्याने हटा म्हटले की हटतो. त्याच्या मागे हटण्यात भित्रेपणा नाही. त्याला जिवंत घरी परतायचे असते, कारण उद्या पुन्हा यायचे असते.

हे लोक आहेत तरी कोण? शेतकरी, सुतार, शिक्षक, नर्स, दुकानदार. १३ जानेवारी १९३९ च्या 'काळ्या शुक्रवार'च्या वणव्यांत व्हिक्टोरियात ७१ माणसे मेली. त्यानंतरच्या चौकशीतून आणि १९४४ च्या आगींच्या अनुभवातून १९४५ मध्ये तिथे ग्रामीण अग्निशमन संस्था उभी राहिली. गावोगाव एक छोटी शेड, त्यात एक बंब आणि गावातलेच स्वयंसेवक. शेजारच्या न्यू साउथ वेल्स राज्यातील अशाच दलात सत्तर हजारांहून अधिक स्वयंसेवक आहेत. ते वर्षभर ठरावीक दिवशी सराव करतात, परीक्षा देतात, बंब धुतात. त्याबद्दल त्यांना पगार नाही. २०१९-२० च्या उन्हाळ्यात वणवे महिनोन्‌महिने चालले तेव्हा पुष्कळांची रोजची कमाई बुडाली. अखेर डिसेंबर २०१९ मध्ये सरकारने न्यू साउथ वेल्समधील अशा स्वयंसेवकांसाठी दिवसाला जास्तीत जास्त ३०० आणि एकंदर ६००० डॉलरपर्यंत भरपाई जाहीर केली. दुसऱ्यांची घरे वाचवीत असताना काहींची स्वतःची घरे जळून गेली.

त्या एका हंगामात आगीने थेट ३३ बळी घेतले. त्यांत नऊ जण आग विझवणारे होते. तीन तर मदतीला आलेले अमेरिकन विमान-कर्मचारी होते, त्यांचे पाणी टाकणारे विमान २३ जानेवारी २०२० रोजी कोसळले. पोप फ्रान्सिस यांनी त्या महिन्यात ऑस्ट्रेलियाच्या लोकांसाठी प्रार्थना करण्याचे जगाला आवाहन केले होते. त्याआधी, १९ डिसेंबर २०१९ च्या रात्री, सिडनीच्या हॉर्सली पार्क भागातील दलाच्या बंबावर झाड कोसळून दोन स्वयंसेवक ठार झाले. दोघेही तरुण होते, दोघांनाही दीड वर्षाच्या आसपासचे एकेक मूल होते. एकाच्या अंत्यविधीत मुलाच्या छातीवर वडिलांचे पदक लावले गेले. दुसऱ्याची अंत्यविधीची प्रार्थना हॉर्सली पार्कच्या विजयमाता कॅथलिक चर्चमध्ये झाली, आणि त्याची लहानगी वडिलांचे शिरस्त्राण डोक्यावर घालून शवपेटीभोवती वावरत होती. दलाचे प्रमुख शेन फिट्झसिमन्स तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. त्यांच्या स्वतःच्या वडिलांचा मृत्यूही आगीतच झाला होता. जून २००० मध्ये सिडनीजवळच्या कुरिंग-गाय राष्ट्रीय उद्यानात पुढचे वणवे टाळण्यासाठी मुद्दाम, नियंत्रणाखाली रान जाळण्याचे काम चालू होते. त्यात उद्यानाचे चार कर्मचारी गेले, त्यांतील एक त्यांचे वडील. आधी सांगितलेले ते न दिसणारे, आग लागण्यापूर्वीचे काम, तेही प्राण मागते.

आता पुन्हा संत फ्लोरियन यांच्याकडे वळू. जर्मन भाषक मुलखात त्यांच्या नावाची एक थट्टेची प्रार्थना प्रसिद्ध आहे. तिचा आशय असा की, हे संता, माझे घर तेवढे राख, हवे तर शेजाऱ्याचे पेटव. जे संकट आपल्या दारी नको ते दुसऱ्याच्या दारी ढकलणाऱ्या वृत्तीला तिकडे 'फ्लोरियनचे तत्त्व' म्हणतात. बिचाऱ्या संतावर हा अन्यायच आहे! पण हसून झाल्यावर विचार केला की कळते, ही प्रार्थना आपणही करीत असतो, फक्त मोठ्याने नाही. कचऱ्याचा ढीग आपल्या आळीत नको, पलीकडच्या आळीत चालेल. लूकच्या शुभवर्तमानातील याजक आणि लेवी वाट सोडून पलीकडून निघून गेले, ते याच हिशेबाने. शोमरोनी मात्र थांबला, आपले तेल व द्राक्षारस वापरला, आपल्या जनावरावर बसवले, पदरचे पैसे दिले आणि परत येऊन पाहण्याचेही कबूल केले. पन्नास कोस दूरच्या अनोळखी माणसाचे घर वाचवण्यासाठी आपले घर मागे सोडून निघालेला स्वयंसेवक याच वाटेने जातो. त्याला विचारले तर तो बहुधा म्हणेल, आज त्यांच्यावर वेळ आली आहे, उद्या आमच्यावर येईल तेव्हा ते येतील.

पवित्र शास्त्रात अग्नी हे अनेक ठिकाणी देवाच्या उपस्थितीचे चिन्ह आहे. जळते झुडूप, पेन्टेकॉस्टच्या दिवशीच्या जिभा आपल्याला ठाऊक आहेत. पण योएल संदेष्ट्याने पाहिलेली आग ही खरोखरीचा वणवा आहे : कुरणे खाक झाली आहेत, झाडे होरपळली आहेत, ओढे आटले आहेत आणि रानातली जनावरेही देवाकडे तोंड करून धापा टाकीत आहेत. निर्गमच्या बाविसाव्या अध्यायात तर कायदाच आहे. काट्याकुट्यांना लागलेली आग पसरून दुसऱ्याचे पीक जळाले, तर आग लावणाऱ्याने भरपाई करावी. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्यांना ठाऊक होते की वणवा आकाशातून क्वचितच पडतो, बहुधा तो कुणाच्या तरी हातून सुटतो.

आपल्या राज्यातही फेब्रुवारीपासून डोंगर पेटू लागतात. कुणी चांगले गवत फुटेल म्हणून कडेला काडी लावतो, विदर्भात मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळतात, कुणी विडी टाकून पुढे जातो. मग वनरक्षक आणि रोजंदारीवरचे वनमजूर हिरव्या फांद्यांनी झोडपत, अलीकडे पाला उडवणारी यंत्रे पाठीवर घेऊन, ती आग अडवायला जातात. १३ जून २०२४ रोजी उत्तराखंडमधील बिनसर अभयारण्यात वणवा विझवायला गेलेल्या पथकातील चार जण मरण पावले. चार दिवस बातमी आली आणि ओसरली.

कुटुंबात या विषयावर बोलताना मुलांना विचारावे : आपल्या घरासाठी, गावासाठी असे न दिसणारे काम कोण करते? त्या माणसाचे नाव आपल्याला माहीत आहे का? मोठ्यांनी स्वतःला विचारावे : बांधावरचे गवत पेटवून आपण घरी निघून आलो, असे कधी झाले आहे का? आणि मागे उरलेले निखारे कुणी विझवले?

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी बारा वाजता अनेक देशांत अग्निशमन केंद्रांचे भोंगे तीस सेकंद वाजवतात आणि मग एक मिनिट शांतता पाळतात. त्या रविवारच्या मिस्सात श्रद्धावंतांच्या प्रार्थनांमध्ये वणव्याशी झुंजताना प्राण गमावलेल्यांसाठी, आणि आजही रानात पहारा देणाऱ्या वनरक्षक व वनमजुरांसाठी, एक प्रार्थना घालावी. ज्या घरांतील मुले ऑस्ट्रेलियात आहेत त्यांनी त्यांना फोनवर विचारावे, तुमच्या गावच्या बंबाच्या शेडमध्ये कोण कोण असते? सराव कोणत्या दिवशी असतो? एखाद्या संध्याकाळी जाऊन त्यांचे आभार मानून यायला त्यांना सांगावे, आणि जमत असेल तर नावही नोंदवून यायला सांगावे.